माठावरची पहिली रोटी

माय, काल तुझ्या नातीचं लग्न झालं आणि मांडवातल्या लंब्या रोट्या मी केल्या. होय, मीच.

कळंबचं ते लग्न आठवते का तुला? लोकांच्या लग्नात तू रोट्या करायला जायची, त्या दिवशी पहिल्यांदा मलाही चुलीपाशी बसवलं. चुलीवर उपडा माठ तापलेला, परातीत सैल पीठ. तू म्हणते, "आपट अजून. तार सुटू दे. मंग ओल्या फडक्याखाली निजू दे त्याले." मला कुठला दम! गोळा उचलला, कोपरापर्यंत हातावर ताणला, आणि माठावर जायच्या आधीच तो मधून फाटला. दुसराही तसाच. वरमाय सगळ्यांदेखत म्हणते, "काय वं, रोट्या करून राह्यली का फाटकं लुगडं वाळू घालून राह्यली?" अख्खा मांडव हसला. मी परात ढकलली आणि मांडवामागं जाऊन बसले.

तू आली. वाटलं, डोक्यावरून हात फिरवशील. तर तू ते फाटके तुकडे भाजून, वर वांग्याची भाजी घालून पुढं ठेवले. "खाय. फाटली म्हून कडू नाई झाली. पिठानं नाई दगा देल्ला, तुह्या घाईनं देल्ला. चाल, ऊठ."

मी उठले नाही. पुढं तू गेलीस, तरी त्या पिठाला मी हात लावला नाही.

यंदा पोरगी अडून बसली. "आजीसारख्या रोट्या पाह्यजे, अन् तुह्याच हातच्या." मी ओरडले, "यवतमाळात पैशानं भेटते सारं!" ऐकेल तर शपथ. शेवटी कुंभाराकडून माठ आणला. रोज पीठ आपटायचं, रोज फाडायचं. घरचे तुकडे खाऊन कावले. तुझा जावई म्हणे, "लग्नाआधी एखादी साबूत दाखव वं बाई!" मग मी पीठ झाकलं की अंगण झाडायला निघून जायची. समोर बसलं की हात शिवशिवतात.

काल पहिली फाटलीच. विहीणबाई समोरच उभ्या. माझे पाय उठायला निघाले होते, खोटं कशाला बोलू. पण फडकं परत पिठावर टाकलं आणि चुलीत लाकूड सारत बसले. पुढची रोटी सरसर उतरली, माठभर पसरली, पातळ, पांढरी. विहीणबाई म्हणाल्या, "थे रोटी मले वाढा."

हे पाठवू कुठं? तुला वाचता येत नव्हतं, मला धड लिहिता येत नाही. ते फाटके तुकडे मात्र मी कोणाच्या पानात वाढले नाहीत. भाजले, भाजी घेतली आणि मांडवामागं बसून एकटीनं खाल्ले. कडू नव्हते, माय. तेव्हा मी चाखलेच नव्हते.