पदर शिवला गेला

प्रिय ताई,

तुझ्या गुडघ्यांवर घ्यायला शिवत होते ती गोधडी आज पुरी झाली. डोळ्यांचं तुला मुद्दामच कळवलं नाही. सुई आता दिसत नाही, बोटांनी चाचपून टाके घालते.

काल उठायला गेले, तर गोधडीही माझ्याबरोबर उठली. मी स्वतःचा पदरच तिला शिवून टाकला होता. मला रडू कोसळलं. ह्यांना म्हटलं, "आता नाही जमायचं मला."

हातातला पेपर टाकून हे शेजारी बसले आणि एकेक टाका उसवत म्हणाले, "पदर सोडवतो. गोधडी मात्र तू सोडायची नाहीस. सुया मी ओवून देईन."

जन्मात कधी शर्टाचं बटण न लावलेला हा माणूस! आज सकाळी सगळ्या सुया ओवून उशीला टोचून ठेवल्या होत्या. दोरे एवढे लांब, की सारखा गुंता. मी तो सोडवत सोडवत शिवत राहिले.

टाक्यांची शेवटची ओळ त्यांनीच हौसेने घातली. पार नागमोडी आहे. ती पाहून तू मलाच हसशील, आणि मी हसू देणार आहे. म्हणून उद्या गोधडी तेवढी पाठवते, हे पत्र नाही.

तुझीच,
धाकटी