चुकून आलेली गिऱ्हाइकं

प्रिय एमिलदादा,

वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे हल्ली मनातल्या मनातच वाकतो). तुझी शुगर ताब्यात असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल. आम्ही इथे मजेत, म्हणजे काल दुपारपर्यंत होतो.

फ्रीवेची उजवी लेन आमच्या बेकरीपाशी कशी खाली उतरते, ते तुला माहीतच आहे. सरळ ह्यूस्टनला निघालेला माणूस गाणं ऐकत असतो आणि लेनच त्याला उचलून इकडे आणते. तीस वर्षं मी खिडकीत बसून हे बघतोय. काही जण शेवटच्या क्षणी डावीकडे निसटतात, पाण्यात हात घातला की मासे निसटतात तसे; बाकीचे तरंगत तरंगत माझ्या दारात. उन्हं कलली की सगळ्या काचा जर्दाळूच्या मुरंब्यासारख्या चमकतात आणि मला डुलकी लागते. (अल्बिना म्हणते, लागत नाही, उतरतच नाही.)

तर रस्तेखात्याच्या इंजिनिअर ट्रानबाई आल्या. तीन दिवस माझंच टेबल अडवून, कोण किती आधी लेन बदलतो ते लिहीत बसल्या. वर प्रत्येक गिऱ्हाइकाला गोड आवाजात विचारायच्या, इथे कसे आलात? मी भट्टीपाशी कान देऊन उभा. मुरंबा भरलेले माझे ‘कोलाचे’ पाव खाऊन बोटं चाटत जो तो म्हणतो, "चुकून!" एकशे चाळिसांत एकशे एकतीस! अल्बिना म्हणाली, "अहो, आपला संसार तुमच्या पावांनी नाही, त्या पांढऱ्या पट्ट्यांनी चालवला."

आता ती लेन सरळ पुढे नेणार आणि उतरणाऱ्यांसाठी वेगळी काढणार. म्हणजे यापुढे येईल तो ठरवून येईल. दादा, येईल का रे कोणी? काल सुनावणीला भाषण पाठ करून गेलो होतो. उभा राहतोय तोच मागून कोणीतरी ओरडलं, "काय लुमीर, तुझे कोलाचे खायला माणसानं वाटच चुकायला हवी का?" सगळे हसले. मी बसलो.

तुझा धाकटा,
लुमीर

ता. क. मी खचलोय असं वहिनींना सांगू नकोस. नऊ जण ठरवून आले होते. (त्यातले चार अल्बिनाचे भाऊ.)

आणखी एक. पुलावर महिनाभर कॅमेरा होता. ट्रानबाईंनी सभेत एका ड्रायव्हरचं फार कौतुक केलं: हिरवा पिकअप, दर रविवारी फाट्याच्या चांगला दीड मैल आधी, दिवा लावून, सावकाश डावीकडे सरकतो. म्हणाल्या, "सगळे असेच वागले तर अपघातच व्हायचे नाहीत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दादा, त्या पिकअपच्या मागच्या फळीवरचं आपलं आडनाव मीच रंगवलंय. या रविवारी उजव्या लेनमध्येच राहा. काही करावं लागत नाही, तीच आणते.