स्टार्टरचं बटण

दादा,

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. दोनदा लिहायला बसले, दोनदा उठून धक्क्यावर जाऊन आले.

बाबांच्या होडीचं जुनं इंजिन आज सुरू झालं. तू बाबांशी भांडून गेल्यापासून ते बंदच होतं. बटण दाबलं की स्टार्टर नुसता ‘टक’ करायचा. मी तो खोलून झिजलेले कार्बन ब्रश बदलले आणि बाबांना खुर्चीसकट धक्क्यावर नेऊन बसवलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, हे आत्यानं तुला कळवलं असेलच.

मी होडीत वाकून बटण दाबलं. इंजिन खोकलं आणि धूर ओकत एकदम धडधडायला लागलं. आनंदाच्या भरात माझं बोट बटणावरच राहिलं.

“अरे थोरल्या, सोड ते! स्टार्टर जाळतोस का?”

मी गर्रकन वळले. बाबा माझ्याकडेच बघून हसत होते. “शिकलास रे शेवटी!”

तेव्हापासून ते तुला हाका मारताहेत आणि ओ मी देतेय. तू आलास तर मी पुन्हा कोण होणार, हेच कळत नाही. म्हणून पाकिटावर अजून पत्ता घातलेला नाही.

कारण बाबा ‘शिकलास’ म्हणाले तेव्हा मी एवढंच म्हणाले, “शिकलो, बाबा.”

तुझी,
धाकटी