ताल आज ड्रम मशीन देईल

एस्किल,

आईचं जास्त झालंय. पहाटे वृद्धाश्रमातून फोन आला, म्हणून पहिल्या बोटीनं फ्लोरोला निघालेय. तुला उठवलं नाही. उठवलं असतं तर पुन्हा भांडलो असतो.

आजचा कार्यक्रम तुला एकट्यालाच वाजवावा लागेल. ताल ड्रम मशीन देईल. सिक्वेन्सरचं स्वतःचं क्लॉक मी बंद केलंय, ते चालू करू नकोस. दोघं एकदम ताल द्यायला लागले की सगळं कालच्या तालमीसारखं विस्कटतं. दोन्ही सिंथेसायझरना सिग्नल वाटणाऱ्या त्या लाल डबीतून वेगवेगळी केबल दिलीय, एकामागे एक जोडले की दुसरा मागे पडतो. प्ले फक्त ड्रम मशीनवर दाब, बाकीचे आपोआप सुरू होतील.

फ्रिजमध्ये माशाचं सूप आहे, गरम करून खा.

मुलगा असून बाबांना शेवटचं पोचवायला तू आला नाहीस, त्यावर मी कधी बोलले नाही. आजही बोलत नाही. पण काल आईनं फोनवर विचारलं, "एस्किल निघाला का गं?"

मी म्हटलं, "हो, वाटेत आहे."

कार्यक्रम संपला की बर्गनहून फ्लोरोची शेवटची बस मिळते. मला खोटं पाडू नकोस.

रागन्हिल्ड