सोशिक नायकाच्या लेखकाची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, व्यवसाय साप्ताहिकातून क्रमशः कादंबऱ्या लिहिणे (सध्या बंद), हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या टेबलाशी बसून, सकाळचा नाश्ता व्यवस्थित झालेला असताना लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टर म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे, तोच तर तुमचा त्रास आहे." हे दाखल्यात आलेले नाही म्हणून इथे नोंदवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्ही मी रागाच्या भरात केली होती.

कलम १. माझी माणसे.

पत्नी हयात नाही. मूलबाळ नाही. धाकटा भाऊ एकवीस वर्षांपूर्वी गेला, आणि त्याच्यामागून भावजयही. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी, वय पस्तीस, गेली नऊ वर्षे माझ्याकडे राहते. तिला घरात आम्ही घुमी म्हणतो, कारण ती कामापुरतेच बोलते. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ती कवळ्या बनवते. तिने केलेली कवळी लावल्यापासून मी सफरचंद चावून खातो, यावरून तिचा हात किती साफ आहे ते कळावे. दुसऱ्या शहरातल्या दंतमहाविद्यालयाने हे काम शिकवायला तिला दोनदा बोलावले. "काकांचं कोण करणार?" म्हणून तिने दोन्ही वेळा नकार कळवला. आता तिसरे पत्र आले आहे आणि महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचे आहे. ते पत्र तिने मला दाखवले नाही. मला ते भिंतीवरच्या कॅलेंडरमागे सापडले. हे मृत्युपत्र मी त्या पत्रामुळे लिहायला घेतले.

कलम २. किरकोळ.

बँकेतली ठेव पुतणीची. माझे कपडे ज्याला होतील त्याचे. पुस्तके वाचनालयाला द्यावीत, पण माझी स्वतःची देऊ नयेत. त्यांच्याकडे आहेत आणि कोणी मागत नाही.

कलम ३. खुर्ची.

माझी हातांची, गादीची खुर्ची मी त्या समीक्षकाला देतो, ज्याने माझ्या सर्वांत गाजलेल्या कादंबरीबद्दल लिहिले होते की, "या नायकाला वाचकांची नव्हे, डॉक्टरची गरज आहे." त्या एका वाक्यापायी मी त्याच्याशी वीस वर्षे अबोला धरला. लग्नाकार्यात समोर आला तर मी पाठ फिरवायचो. त्याचे म्हणणे बरोबर होते. हे त्याला तोंडावर सांगायचे धाडस अजूनही होत नाही, म्हणून खुर्ची. त्याची पाठ दुखते असे ऐकतो.

कलम ४. पत्त्यांचा खोका आणि त्यातली विद्या.

टेबलाच्या खालच्या खणात बुटांचा खोका आहे. त्यात खेळायच्या पत्त्यांएवढी कागदाची चारशेच्या वर पाने कापून ठेवली आहेत, प्रत्येकावर एक संकट. आठवड्याला एक पान काढायचे आणि नायकाच्या डोक्यावर घालायचे, अशी माझी पद्धत होती. हा खोका जाळावा. पण लोकांना कळावे म्हणून, सोशिक नायक म्हणजे काय, हे मी आधी लिहून ठेवतो. आयुष्यभर दुसरे काही केले नाही, तेव्हा एवढा अधिकार मला असावा.

सोशिक नायक कधी कुरकुरत नाही. कुरकुर त्याच्या बायकोच्या नाहीतर शेजाऱ्याच्या तोंडी घालायची, म्हणजे वाचकाला त्रास कळतो आणि नायक मोठा राहतो. त्याला सोसवेल तेवढेच द्यायचे. मेला तर गोष्ट संपली. दर दोन फटक्यांमागे एखादा सुखाचा दिवस द्यायचा, नाहीतर वाचक कंटाळतो. आणि मुख्य म्हणजे त्याला सुटायची वाट हवी. दार सताड उघडे हवे, ते त्याला दिसायला हवे आणि तरी तो त्यातून जाता कामा नये. वाटच नसेल तर तो नुसता कमनशिबी. वाट असून तो थांबला की वाचक डोळे पुसतो. त्याचे भले करायचे ते शेवटच्या भागात, तेही ज्याने छळले त्याच्याच हातून.

एक नियम मी कधी कागदावर लिहिला नाही, पण पाळला सगळ्यांत काटेकोर. हे दुःख कोण देतो आणि ते थांबवता येईल का, हे कोणी विचारायचे नाही. माझा नायक ओतकामाच्या कारखान्यात होता, वाळूची धूळ खात होता. मालकाने धूळ ओढून घेणारा पंखा बसवला असता तर माझी कादंबरी तिसऱ्या महिन्यात आटोपली असती. म्हणून दोनशे बारा आठवडे मी पंखा बसू दिला नाही.

कलम ५. भाऊ.

तो नायक माझ्या भावावरून बेतला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. भाऊ ओतशाळेत वाळूचे साचे करायचा. साप्ताहिक कारखान्यात पोचले की जेवणाच्या सुट्टीत एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. भावाला ते 'नायक' म्हणू लागले. "काय नायक, या आठवड्यात काय काय सोसलंत?" तो हसायचा. लाजायचा. आधी जरा दमला की तो भट्टीपाशी बसून घ्यायचा, मुकादमाशी हुज्जत घालायचा. पुढे पुढे त्याने ते सोडले. खोकला दाबून काम करू लागला. हे मला भावजयीने सांगितले होते. मी ते पुढच्या भागात घातले.

एकदा तो माझ्याकडे आला. मेहुण्याने सायकलच्या दुकानात भागी देऊ केली होती. दुकानात धूळ नव्हती, बसून काम होते. त्याने टोपी काढली, ती मांडीवर ठेवून चाचपत राहिला, आणि म्हणाला,

"दादा, तुझा तो नायक... तो नोकरी सोडतो का रे?"

"छे! आत्ता कुठे सोडतो? सोडली तर मग राहिलं काय त्याच्यात?"

"तेही खरंच," तो म्हणाला, आणि चहा न घेता उठला.

मला गैरसमज झाला नव्हता. तो स्वतःबद्दल विचारतो आहे हे मला कळले होते. तरी मी त्याला नायकाचे उत्तर दिले, कारण एकशे चाळिसावा भाग छापायला गेला होता आणि मला अजून दीड वर्ष हवे होते. या वाक्यात मी शब्दांची मांडणी बऱ्याचदा बदलून पाहिली. कसेही लिहिले तरी ते तेच सांगते.

शेवटच्या भागात नायक ठणठणीत बरा होतो आणि मालक त्याला स्वतःच्या हाताने मुकादमाच्या खुर्चीत बसवतो. तो अंक निघाला तेव्हा भावाला जाऊन तीन आठवडे झाले होते. घुमी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने तो भाग वाचला आणि मला काहीच म्हणाली नाही. ती पोर समजूतदार आहे, असे मी सगळ्यांना सांगत सुटलो.

कलम ६. कादंबरीचे हक्क.

ते पुतणीचे. छापायची की नाही, हे तिने ठरवावे. छापलीच तर पहिल्या पानावर एवढेच घालावे: 'ज्याच्यावरून हा नायक घेतला, तो बरा झाला नाही.' प्रकाशक कटकट करेल. त्याला करू द्यावी.

कलम ७. घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची बाल्कनी. गेल्या सोमवारी मी या कलमाचा कच्चा मसुदा पुतणीला दाखवला. त्यात लिहिले होते की, माझी नऊ वर्षे मनोभावे सेवा केल्याबद्दल माझ्या पश्चात हे घर तिला मिळावे. मला वाटले होते तिचे डोळे भरून येतील. तिने नखांतले, कवळीच्या साच्याचे प्लास्टर काढत काढत वाचले.

"हे मला कधी मिळणार, काका?"

"मी गेल्यावर."

"म्हणजे शेवटच्या भागात."

मी संतापलो. कृतघ्न म्हणालो, आणखी बरेच काही म्हणालो. ती ऐकून घेत होती. मग तिने माझा कप विसळून ठेवला, माझ्या दुपारच्या गोळ्या काढून ठेवल्या आणि कामावर गेली. त्या गोळ्यांकडे बघत मी बसून राहिलो. दार उघडे होते, तिला दिसत होते, ती त्यातून जात नव्हती, आणि मी तिला शेवटी भले करण्याचे वचन देत होतो. एकदा भावावर हे करून माझे पोट भरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना बोलावले. घराचे बक्षीसपत्र केले, काल कचेरीत जाऊन नोंदवले. सेवेचा उल्लेख नाही, अट नाही, माझ्या मरणाची वाट बघणे नाही. घर कालपासून तिचे आहे. तेव्हा या मृत्युपत्रात द्यायला माझ्याकडे घर नाही.

कागद तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"आणि मी विकलं तर?"

"वीक."

"तुमचं कोण करणार मग?"

"ते तुला विचारलेलं नाही. वृद्धाश्रमात खोली सांगून ठेवली आहे. खिडकी आहे, डॉक्टर रोज येतो. आणि हे आधीच करायला हवं होतं, घुमे. तुझ्या बाबाच्या वेळीही."

"हो," ती म्हणाली. "करायला हवं होतं."

तिने मला माफ केले असे कोणी समजू नये. मीही समजत नाही. आज सकाळी तिने महाविद्यालयाला होकाराचे पत्र टाकले.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

सही: (लिहून ठेवणार)

साक्षीदार १: डॉक्टर, वर दाखला दिलेले. (सही)

साक्षीदार २: समोरचा शिंपी. याने कादंबरीचे सगळे भाग वाचले आहेत आणि आजही त्याला शेवट आवडतो. (सही)

दिनांक: चालू महिन्याची सव्वीस तारीख.

ठिकाण: पुतणीच्या घरी, तिने दिलेल्या एक महिन्याच्या मुदतीवर.