लाल गोटी

आप्पा, आज आमच्या गेटवर माझ्या पर्सची झडती झाली. मीच करवून घेतली. तुम्हाला सांगितल्याशिवाय हे पचायचं नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा पालेगावात भातशेती होती. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातल्या एकात, निवृत्त होऊन, मी एकटी राहते. माझ्याकडे पोळीभाजीला येणारी बाई याच इमारतीत आणखी तीन घरं करते. मागच्या महिन्यात त्यातल्या एका घरातलं कानातलं हरवलं. घरच्या बाईंनी पोलिसांत तक्रार दिली नाही, हिला काही विचारलंही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर हिचा फोटो टाकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने हिला गेटवरच थांबवलं. 'पास बंद हो गया, दीदी.' एक कानातलं हरवलं आणि चार घरं गेली. तिने रस्त्यावरूनच मला फोन केला. 'ताई, कणीक काल मळून फ्रीजमध्ये ठेवलीय. पोळ्या तेवढ्या तुम्ही लाटा. जमतील ना?' अशा वेळीसुद्धा टोमणा.

मी कामगार कार्यालयात गेले. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, 'मॅडम, घरकामगारांसाठी मंडळ आहे, नोंदणी करा, ओळखपत्र मिळेल.' मी विचारलं, चौकशी न करता कामावरून काढलं तर दाद कुणाकडे मागायची? त्यांनी चष्मा काढून पुसला. 'घराला आस्थापना धरत नाहीत ना, मॅडम.' म्हणजे आनंदनगर एमआयडीसीतल्या कारखान्यात कुणी खिळा चोरला तरी त्याला आधी नोटीस मिळते, त्याचं म्हणणं ऐकतात. आणि आमच्या घरात आयुष्यभर राबणाऱ्या बाईला वॉचमनचं एक वाक्य.

तिथून परतताना मला तुमच्या कारखान्याच्या गेटवरची ती पिशवी आठवली. उल्हासनगरच्या आपल्या दोन खोल्या, तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलताय, आणि मी कॉन्व्हेंटचा गणवेशही न बदलता तुमच्यासमोर बसले आहे. तुमच्याकडे सुटीच्या भोंग्यानंतर कामगारांची रोज झडती व्हायची आणि साहेब लोक सरळ बाहेर पडायचे. तुमच्या युनियनने भांडून गेटवर कापडी पिशवी आणवली. प्रत्येकाने हात घालून गोटी काढायची, मॅनेजरनेही. पांढरी आली तर जा, लाल आली तर आपलं सामान उघडून दाखवा. त्या दिवशी मोठ्या साहेबांना लाल गोटी आली होती आणि त्यांच्या डब्यात अर्धी पोळी निघाली. मी हसून विचारलं, 'मजा आली का, आप्पा?' तुम्ही लसणाची पाकळी माझ्या दिशेने रोखलीत. 'मजा कसली? त्याचं तोंड बघवत नव्हतं. झडती कुणाचीही वाईटच. सगळ्यांची झाली की निदान कुणाची जात त्यात राहत नाही.'

सोसायटीच्या सभेत मी हेच मागितलं. पोलिसांत तक्रार आणि बाईचं म्हणणं ऐकणं, या दोन गोष्टींशिवाय कुणाचाही पास बंद करायचा नाही. आणि पिशव्या तपासायच्याच असतील तर गोट्या ठेवा, आम्हीही काढू. चेअरमन हसले. 'मॅडम, घर म्हणजे फॅक्टरी नाही.' मी म्हटलं, 'मग गेट फॅक्टरीचं कशाला बांधलंत?' पुढे मी बरंच बोलले. कॉन्व्हेंटच्या सिस्टर लोकांनी शिकवलेलं इंग्रजी अशा वेळी फार उपयोगी पडतं, समोरच्याला अर्धं कळतं आणि तो घाबरतो. तिचा पास पुन्हा सुरू झाला. तीन घरं परत मिळाली, चौथ्या घराने ठेवलं नाही. कानातलं अजून सापडलेलं नाही, आणि ते सापडल्यावरच हिला निर्दोष मानायचं, हे मला मान्य नाही. गोट्यांचं मात्र कुणी ऐकलं नाही. कामाच्या बायकांच्या पिशव्या निघताना रोज तपासल्या जातातच.

म्हणून आज काम संपवून ती निघाली तशी मीही चप्पल घातली. तिच्या मागे रांगेत उभी राहिले आणि टेबलावर पर्स ठेवली. वॉचमन गडबडला. 'आंटी, आपका नहीं.'

'क्यों, मेरे पर्स में कानातलं नहीं मावता क्या? देखो.'

त्याने बिचाऱ्याने दोन बोटांनी एकेक वस्तू बाहेर काढली. चष्म्याचं घर, किल्ल्या, पित्ताच्या गोळ्या, हॉटेलातून उचललेल्या बडीशेपेच्या पुड्या. बाई हसत सुटली. 'अगं बाई, ताई, चोरीचा माल निघाला की.' मागच्या दोघी-तिघीही हसल्या. उद्याही मी रांगेत उभी राहणार आहे, चेअरमनची बायको फुरंगटली तरी.

पण तुम्हाला खरं सांगते. वॉचमनने पर्समध्ये हात घातला तेव्हा माझे कान तापले. मी स्वतः पर्स दिली होती, त्याचा हात हलका होता, तरीही. तुम्ही कामावरून आलात की बराच वेळ कुणाशी बोलत नसायचात, आई म्हणायची, दमलेत. मी आज घरी येऊन खुर्चीत बसले ती चहा गार होईपर्यंत. घरात बोलायला कुणी नव्हतंच, पण असतं तरी बोलले नसते.