तुडवणी मोजली नाही

१० डिसेंबर, रविवार
गावी. धाकट्या भावाची बायको रंजना पळते आणि तिची थोरली नणंद, म्हणजे मी, मोबाइल धरून बांधावर उभी. गावाला फुकटची करमणूक. आय ओट्यावरून बघत होती, तोंडात पदर.

रंजना मिठागरावरून थेट आलेली. घोट्यापर्यंत पाय राखाडी. मीठ धरायच्या आधी कोंड्यांची, म्हणजे मिठाच्या वाफ्यांची, जमीन तुडवून तुडवून पाटीसारखी करायची असते, ते काम सध्या चालू. चार तास तुडवून आली आणि वर माझ्यासाठी चार किमी पळली. तेही हसत.

मी शिकवलं ते असं: पाऊल पोटाखाली पडू दे, पुढं फेकू नकोस. चवड्यावर उतर. गुडघा सैल. पावलं लहान, भरभर. आवाज आला की चुकलं. आणि टाच अजिबात टेकवायची नाही.

"ताई, टाच टेकवायची नाय, मग देवानं ती दिली कशाला?"

तुडवायला, म्हटलं. दोघी हसलो. बूट घालून माझे गुडघे गेले होते, अनवाणी पळून बरे झाले, हे तिला चौथ्यांदा सांगितलं. हे सगळं ज्या व्हिडिओत बघून शिकले, त्यातल्या माणसाचं नाव सांगितलं नाही. सगळं माझंच ज्ञान असल्यासारखं.

१३ डिसेंबर, बुधवार
रोहा. उजव्या पावलाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या बोटामागं दुखतंय. बोट ठेवलं की नेमकं तिथंच, इकडे तिकडे नाही. तिसरा दिवस.

सकाळी कपाटातून बूट काढले. नदीकाठी आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांची नजर माझ्या पायांकडे. महिनाभर त्यांना अनवाणी पळण्यावर व्याख्यानं दिली ना. सांगितलं, रस्त्यावर काचा आहेत, कोणी बाटल्या फोडल्यात. एक जण बिचारा काचा शोधत पुलापर्यंत गेला.

ह्यांनी विचारलं, लंगडतेस का? म्हटलं, नाही.

१७ डिसेंबर, रविवार
ग्रुपला गावी नेलं. रंजना गाव ते फाटा आणि परत पळली, डांबरावर, सहा किमी. अनवाणी. आमचे सगळे बुटात, धापा टाकत मागं. मी म्हटलं, हे मिठागराचे पाय आहेत, ह्यांना काही होत नाही. फोटो काढले. तिचे कमी, तिच्या तळव्यांचे जास्त.

मी पळले नाही. 'फोटो कोण काढणार' हे कारण.

तिला सांगायचं होतं, मला दुखलं म्हणून. सांगायचंच ठरवून गेले होते. पण सगळ्यांसमोर कसं, म्हणून राहिलं. नंतर चहाच्या वेळी ती एकटी होती चुलीपाशी. तेव्हाही राहिलं. तेव्हा तर कोणी नव्हतं.

२४ डिसेंबर, रविवार
आठ किमी. मग पायरीवर बसून रं. म्हणाली, पाय वरून दुखतोय, तुडवताना जास्त. कुठं, म्हटलं. तिनं बोट ठेवलं.

दुसऱ्या बोटामागं. तिथंच.

मी माझा उजवा पाय मागं घेतला. आणि तोंडातून आलं ते हे: "पाय तयार होतोय. थोडं सहन कर."

हे वाक्य मी आज लिहून ठेवतेय, म्हणजे पुढं मला 'मी तसं म्हटलंच नव्हतं' असं म्हणता येऊ नये. मला ओळखते मी.

पेणची स्पर्धा चौदा दिवसांवर. नाव दिलंय. गावात सगळ्यांना कळलंय. ती म्हणते, लग्न होऊन आल्यापासनं पयल्यांदाच मी कायतरी माझ्यासाठी करतंय. आता थांब कसं म्हणू? (म्हणता आलं असतं. दोन अक्षरं आहेत.)

३१ डिसेंबर, रविवार
गेले नाही. फोनवर विचारलं, पाय कसा आहे. "हाय तसाच." मग मी हवापाण्याचं बोलले.

७ जानेवारी, रविवार
पेण. दहा किमी, महिला. सकाळी चांगलीच थंडी.

मी बुटात. नेमके नवे घातले. गाडीतून उतरल्यावर रं.नं माझ्या पायांकडे बघितलं. मी सांगायला लागले, कंपनीतल्या बायकांनी वाढदिवसाला दिले, घातले नाहीत तर वाईट दिसेल. ती म्हणाली, चांगलं हायत. बस, एवढंच.

तिसरी आली. तिसरी! गणपतीच्या कारखान्यांमधल्या बायका रंगाचे हात घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, त्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या वळणावर मी कडेला उभी होते, मागून ऐकलं, पाऊल वाजायला लागलं होतं. उजवं. थप्प, थप्प. आवाज आला की चुकलं, हे मीच शिकवलेलं. ओरडले, थांबू नकोस.

संध्याकाळी पाय पावासारखा फुगलेला. सदू धरमतरहून बार्जवरची शिफ्ट संपवून आला, बायकोचा पाय बघितला आणि मला म्हणाला, "तू हुतीस बरोबर म्हनून बरा, ताय."

जेवण गेलं नाही.

९ जानेवारी, मंगळवार
एक्सरे काढला. काही नाही दिसत. डॉक्टर म्हणाले, असलं सुरुवातीला दिसत नाही कधीकधी, दोन आठवडे पाय टेकू नका, मग पुन्हा काढू. आयनं त्यातलं 'काही नाही' एवढंच ऐकलं.

रं.नं घरात सांगितलंय, बांधावरून पाय घसरला. का? मला वाचवायला? तिला काय माहीत की मला वाचवण्यासारखं काही आहे?

१२ जानेवारी, शुक्रवार
फोन केला तर आयनं उचलला. रं. कामावर गेली म्हणे. मुकादमानं निरोप पाठवला होता, कोंड्या अर्ध्या राहिल्यात, येणार नसशील तर दुसरी बघतो. आय म्हणाली, "फोटूत काय नाय निघाला. पलायला पाय चालतो, कामाला नाय चालत. नखरं सगलं. कामचोर झालीय."

मी म्हणायला हवं होतं: आय, नखरे नाहीत. मलाही तिथंच दुखलं होतं, मी गुपचूप बूट घातले, तिला सांगितलं नाही. एका श्वासात होतं सगळं.

म्हटलं, बरं, रविवारी येते.

१४ जानेवारी, रविवार
ह्याही रविवारी गेले नाही.

२० जानेवारी, शनिवार
मोडला.

काल तुडवताना. रं. म्हणते, सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. बाकीच्या बायकांनाही ऐकू गेला. उचलून बांधावर आणली.

मी पहिल्या गाडीनं पेणला. नवा फोटो. ह्यावेळी शोधावं लागलं नाही, लांबूनच दिसत होतं. सहा आठवडे प्लास्टर.

डॉक्टर तरुण आहेत, चिडत नाहीत, हेच वाईट. विचारलं, काम काय? किती तास तुडवता? आणि पळणं किती, किती दिवसांत वाढवलं? रं. सांगत गेली, ते कागदावर लिहीत गेले. मग म्हणाले, "कातडी घट्ट म्हणजे हाड घट्ट नव्हे. मऊ चिखल मार खातो, डांबर खात नाही. आणि चार तास तुडवून झाल्यावर हा पाय दमलेलाच होता. हे कोणी मोजलं नाही का?"

कोणी म्हणजे मी. माझ्याकडे वही आहे. तारीख, किमी, वेळ, सगळं. तुडवणीचा एक शब्द नाही त्यात. मी मिठागरवाल्यांची लेक. लहानपणी आयचे पाय रात्री तेल लावून मीच चेपायचे, तेव्हा ती कण्हायची. तरी माझ्या लेखी ते काम नुसतंच काम. मेहनत म्हणजे माझ्या मोबाइलमध्ये दिसते ती.

टाचेचंही विचारलं. ते म्हणाले, चवड्यावर उतरायचं ते ठीक, पण मग टाच हलकेच टेकू द्यायची. अधांतरी ठेवली तर सगळा भार पुढच्या बारीक हाडांवर.

देवानं दिली कशाला, तर ह्यासाठी.

२६ जानेवारी, शुक्रवार
सुट्टी. झेंडावंदन करून गावी. रं. ओट्यावर, पाय स्टुलावर. आय तिच्याशी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे माझ्याशी मोठ्यानं बोलते, तिला ऐकू जाईल असं. ऐन मीठ यायच्या वेळेला घरात बसली. बांधावर नीट चालता येत नाय. मोडलेल्या हाडाचा फोटो बघूनही आयचं म्हणणं तेच, धांदरटपणा.

मी भाकऱ्या केल्या. दुसरं काय करणार, मोठं धाडस ना.

४ फेब्रुवारी, रविवार
मीठ धरायला लागलं. मुकादमाचं म्हणणं, घरातलं कोणी बदली उभं राहिलं तर रं.ची जागा राखतो. ही रीत जुनीच. आयला वयानं होत नाही, सदू बार्जवर.

मी आठ दिवसांची रजा टाकली. हे म्हणाले, वेड लागलंय का तुला? म्हटलं, हो.

६ फेब्रुवारी, मंगळवार
पाय सोलून निघाले. खारं पाणी भेगांत शिरतं तेव्हा डोळ्यांपुढं काजवे. रं.ला सदूनं सकाळी गाडीवरून बांधावर आणून बसवली, छत्री घेऊन. मी फावडं ओढतेय, चवड्यांवर नाचत, कारण टाचांना भेगा. ती बघून बघून शेवटी म्हणाली, "टाच टेका, ताई. जमीन काय चावत नाय."

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. मग पाणी आलं डोळ्यांत. खारं वारं, म्हटलं.

११ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं.

दुपारी बांधावर, भाकरी खाताना. दोघीच. तेरा डिसेंबरपासून सगळं. कुठं दुखलं, काचांची थाप, बूट, 'पाय तयार होतोय'. कोंबून भरल्यासारखी वाक्यं एकावर एक. माफ कर म्हटलं की नाही तेही आठवत नाही.

ती भाकरी चावत होती. गिळल्यावर म्हणाली, "मना ठाव व्हता."

कधीपासून?

"तुमी फोटो काढायला आलाव तवा. उजवा पाय कडेवर टाकून चालत व्हताव. आमी दिवसभर एकमेकींचं पायच बघतो, ताई. कोनाचा दुखतोय ते कलतं."

मग पळलीस कशाला?

"तुमी सांगाल म्हनून वाट बघत व्हते. चुलीकडं आलाव तवा वाटला, आता सांगतील. मग वाटला, यांना दुखून बी या मना पलायला सांगतान, म्हंजे दुखना तसा मोठा नसंल. तुमी शिकलेल्या."

पाणी पिऊन पुन्हा फावडं धरलं. तिनं उरलेली भाकरी बांधून ठेवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तुमी शिकलेल्या.

१७ फेब्रुवारी, शनिवार
रोहा. रजा संपून कंपनीत. बदलीला आता शेजारची यमुनाकाकू, अर्धा दिवस. जागा राहील असं वाटतंय.

सकाळी ग्रुपमध्ये सांगून टाकलं, काचा नव्हत्या. कोणी विशेष काही म्हणालं नाही. एकानं विचारलं, मग आता बूट की अनवाणी? म्हटलं, मला विचारू नका. तिथं सांगणं सोपं गेलं. तिथं माझं काय जाणार होतं!

२ मार्च, शनिवार
प्लास्टर काढलं. पोटरी काटकीसारखी झालीय. महिनाभर काठी, मग हळूहळू. पळणं? डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी विचारा, आणि तेव्हा अर्ध्या किलोमीटरपासून. तुडवणीच्या दिवसांत अजिबात नाही.

एसटी स्टँडवर रं. म्हणाली, परत पलनार. "ह्या टायमाला तुमी पुढं, बिनबुटांच्या. मी मागनं आवाज ऐकते."

मग मी म्हटलं, आयला पण सांगते. ती म्हणाली, नका सांगू, आय तुमाला उंबऱ्यात उभी करनार नाय. बस आली. चढताना काठी माझ्या हातात होती, ती घेता घेता म्हणाली, "पन मना कामचोर म्हनाली ती. चार बायकांत म्हनाली. ता कोन पुसनार?"

१० मार्च, रविवार
गावी. आठवडाभर मनात वाक्य घोकलं. गाडीत घोकलं, फाट्यावरून चालत येताना घोकलं.

जेवायला बसलो. भात, वाल, सुकट. सदू, आय, मी. रं. वाढत होती, एका हातात काठी. आय तिला म्हणाली, "जरा बघून चाल. आंधल्यासारखी चालतंस म्हनून तर मोडून घेतलास."

मी म्हटलं, आय, रंजनाच्या पायाचं...

"जेव आदी. निवतोय भात."

आणि मी जेवले. खरंच जेवले. वाल पुन्हा मागून घेतले. वय वर्षं त्रेचाळीस.

रं.नं रिकामं पातेलं उचललं आणि आत गेली. काठीचा आवाज येत होता. टक्, पाऊल, टक्, पाऊल. स्वयंपाकघर ओलांडून मोरीच्या दारापर्यंत ऐकू आला. मग थांबला. पातेलं ठेवल्याचा आवाज आला नाही, पाण्याचाही नाही. ती दाराआड उभी राहून ऐकत होती.

मी ताट बाजूला सारलं. आय म्हणाली, पोट भरला?

म्हटलं, नाही. ऐक.